दिवामावशी आणि चौथा तास

दिवामावशीचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण गेल्या तीन वर्षांत मी ते कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मी तिच्या राज्यात असते, म्हणजे डायलिसिसच्या हॉलमध्ये, चार नंबरच्या खुर्चीत. माझ्या मूत्रपिंडांनी राजीनामा दिला, त्याबद्दल यापुढे एक अक्षर नाही. सांगायचं आहे ते तिच्याबद्दल.

हॉलमध्ये दहा खुर्च्या, दहा यंत्रं. प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर तीन दिवे. हिरवा म्हणजे रक्त नीट धुतलं जातंय. पिवळा म्हणजे कुठेतरी बिनसतंय, या. लाल म्हणजे धावा. यंत्रं टेक्निशियन चालवतो, सुया सिस्टर लावते. मावशीने आल्या-गेल्याचं वजन करायचं, पांघरुणं द्यायची, कारण रक्त बाहेर फिरून आलं की माणूस कुडकुडतो, पायात गोळा आला तर तळवा दाबून धरायचा, फरशी पुसायची, आणि हे सगळं करताना एक डोळा दिव्यांवर ठेवायचा. यंत्राची पिपाणी वाजायच्या आत तिची हाळी येते, "सिस्टर, सात पिवळा!" सतरा वर्षांत एकदाही चुकलेली नाही म्हणतात, आणि मी तिथे असल्यापासून तरी नाहीच. म्हणून दिवामावशी. यंत्राच्या बटणाला मात्र तिने बोट लावायचं नाही, हा नियम तिला पहिल्या दिवशी सांगितला गेला. "बटण त्यांचं, प्लग माझा," असं ती म्हणते. हॉल बंद करताना पंखे, हीटर, पांघरुणांचं गरम कपाट, सगळ्यांचे प्लग तीच काढते.

ती इथे नोकरी मागायला आली नव्हती. थोरल्या बहिणीला, अक्काला, घेऊन यायची. अक्काची मुलगी तेव्हा लहान, शाळा सुटायच्या वेळेला दारात आई हवी, म्हणून अक्का चार तासांऐवजी साडेतीन तासांतच "काढा" म्हणायची. अर्धाच तास तर आहे, असं तिलाही वाटायचं आणि हिलाही. शरीरातलं पाणी असं थोडंथोडं मागे राहत गेलं आणि वर्षभरात अक्का गेली. मावशी नंतर चादरी परत करायला आली, तेव्हाच्या सिस्टरने विचारलं, "राहतेस का?" ती राहिली. अक्काची मुलगी तिनेच वाढवली, शिकवली, लग्न करून दिलं. भाची रोज दुपारी फोन करते आणि मावशी रोज "कामात आहे" म्हणून दहा मिनिटं बोलते. एवढं झालं तिचं चरित्र. उरलेलं सगळं त्या हॉलमधलं.

एक पेशंट होते, त्यांना चार तास जाता जात नसत. ते गेल्यावर त्यांची मुलगी आली आणि हातात मावतील असे सहा खेळ देऊन गेली, पडदा मध्ये आणि दोन्ही बाजूंना बटणं असलेले. ती खेळण्यांच्या दुकानात कामाला होती, ते दुकान बंद झालं होतं. सहा यंत्रं, सहा चार्जर, एक पुस्तिका. "बाबांना हे मिळाले असते तर बरं झालं असतं," म्हणाली आणि रडायच्या आत निघून गेली. इन्चार्ज सिस्टरने सगळं मावशीच्या हवाली केलं. मावशीने सहाही खेळांना मऊ फ्लॅनेलच्या पिशव्या शिवल्या, आत कापसाचा पातळ थर घातला, आणि गरम कपाटाच्या माथ्यावर त्यांची जागा केली. इथे आलेल्या प्रत्येकाला ती आधी पांघरूण देते. खेळांनाही दिलं.

पुस्तिका इंग्रजीत होती. ती कपाटाच्या तळाशी गेली.

आता पाच नंबरचा ड्रायव्हर. सव्वीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. आडदांड, आवाज असा की मागच्या सीटवरचा झोपलेला जागा व्हावा. आजाराने गाडी सुटली आणि त्याला खुर्चीत बसवलं, तेही डाव्या हातात दोन सुया घालून. अडीच-पावणेतीन तास झाले की तो ओरडायचा, "काढा!" मग सिस्टर समजवायची, टेक्निशियन समजवायचा, तो ऐकायचा नाही. वेळेआधी उठणाऱ्याला 'माझ्या जबाबदारीवर जात आहे' अशा कागदावर सही करावी लागते. त्याने इतक्या सह्या केल्या होत्या की टेक्निशियन म्हणायचा, "दादा, तुमचं अक्षर सुधारलं हो आमच्याकडे येऊन."

हसायची गोष्ट नव्हती. एकदा छातीत पाणी भरून त्याला रात्रभर ऑक्सिजनवर ठेवावं लागलं होतं. डॉक्टरांनी हॉलच्या दारात त्याच्या बायकोसमोर सांगितलं, "असंच अर्धवट उठत राहिलात तर पुढच्या वेळी मला काही करता येईल असं धरून चालू नका." बायको दाराबाहेरच्या बाकावर बसलेली असायची, पिशवी मांडीवर घेऊन. तो उठला की उठायची. तिला काही बोलताना मी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर हे बोलले तेव्हा मावशी तिथेच पांघरूण घडी करत होती. तिचे हात थांबले. तिला कोण आठवलं असेल, हे सांगायला नको. दुसऱ्या खेपेला तिने निळ्या रंगाचा खेळ त्याच्या मांडीवरच्या ट्रेमध्ये ठेवला.

"हे काय? पोरांचं खेळणं?"

"बस आहे त्यात. घाटातली. बघा, चालवता येते का."

"मला विचारता, चालवता येते का?"

सुयांच्या हाताची बोटं हलवायला हरकत नसते, कोपर हलायला नको. त्याने ट्रेवर खेळ टेकवला आणि लागला. डोंगरातली वळणं, थांबे, प्रवासी. पण खेळात गुण मिळतात ते वेगाने जाण्याचे, आणि हा गृहस्थ वळणावर ओव्हरटेक करायला तयार नाही. प्रत्येक थांब्यावर पूर्ण थांबणार, म्हातारी प्रवासी चढेपर्यंत गाडी हलवणार नाही. नंबर कायम शेवटचा. "गेले खड्ड्यात तुमचे गुण," तो पडद्याला सांगायचा. "माझा एक माणूस सांडला नाही आजवर." मी शेजारी पुस्तक धरून बसायचे आणि तेच पान वाचायचे.

एकूण छप्पन्न थांब्यांची वाट होती. कुठवर आलो ते त्या निळ्या यंत्रातच साठलेलं असायचं, दुसरं त्याला चालायचं नाही. "ती माझी गाडी नाही," म्हणायचा.

आणि दर खेपेला, पावणेतीन तासांच्या आसपास, खेळाच्या कडेला लाल ठिपका लागायचा आणि पडदा काळा व्हायचा.

"गाडी बंद पडली," ड्रायव्हर जाहीर करायचा. "मीही उतरतो. काढा!"

झालं. ज्या खेळाने त्याला बसवायचं, तोच त्याला उठवत होता. इन्चार्ज सिस्टर वैतागली. "मावशी, ही खेळणी अर्ध्या वाटेत मरतात आणि हा माणूस त्यांचं निमित्त करतो. या आठवड्यात सुधारणा दिसली नाही तर सगळे खेळ परत पाठवते."

मावशी "हो सिस्टर" म्हणाली. तिच्या पोटातली गोष्ट तिने सांगितली नाही. सहातले तीन खेळ केव्हाच गेले होते आणि तिने ते ड्रॉवरमध्ये कपड्याखाली लपवले होते.

मला हे कळलं ते योगायोगाने. भिंतीला रंग द्यायचा म्हणून एका सोमवारी खुर्च्या फिरवल्या आणि माझं तोंड गरम कपाटाकडे आलं. चार तास दुसरं बघायला काही नव्हतं. मावशी आली, निळ्याला प्लग लावला. फ्लॅनेलच्या पिशवीतून डोकावणारा बारीक दिवा पिवळा लागला. मावशी दचकली, प्लग उपटला. पाच मिनिटांनी परत लावला. पिवळा. उपटला. असं बारा वेळा. मी मोजलं.

"मावशी, इकडे ये. काय चाललंय ते?"

"चार्जिंग, बाई."

"मग काढतेस कशाला?"

"पिवळा लागतो ना. त्याला सोसत नाही वीज. म्हणून थोडी थोडी देते. आजारी पोराला चमच्याने भरवतात तशी."

मी डोळे मिटले. आयुष्यभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांच्या हातून काचसामान वाचवलं, पण असं काही पाहिलं नव्हतं. "अगं, पिवळा म्हणजे तो जेवतोय!"

"पिवळा म्हणजे जेवतोय?" ती माझ्याकडे अशी बघू लागली की जणू मलाच चमच्याने भरवायची वेळ आली आहे. "बाई, सतरा वर्षं झाली मला. पिवळा म्हणजे पिवळा."

"हे यंत्र रक्ताचं नाही. खेळाचं आहे."

"दिवा तो दिवाच ना?"

"दिवा ज्याने लावला त्याला विचारायचं असतं, तो कशासाठी लावला. पुस्तिका आहे का?"

तिने कपाटाच्या तळातून पुस्तिका काढली, पदराने पुसली आणि माझ्या मोकळ्या हातात दिली. "वाचा. पण सगळं वाचा. गाळू नका."

मी वाचलं, मराठी करत करत. दिवा पिवळा आणि स्थिर असेल तर बॅटरी भरते आहे, तशीच राहू द्या.

मावशी पुस्तिकेवर वाकली.

दिवा विझला तर बॅटरी पूर्ण भरली आहे.

"विझला तर?" तिने पानावर बोट ठेवलं. "भरली?"

"भरली."

"आणि फडफडत असेल, लागतोय-विझतोय, तर?"

"तर ती भरत नाहीये. बहुतेक वेळा फार गरम झालेली असते. प्लग काढा, गार होऊ द्या."

ती खुर्चीच्या पायाशी स्टुलावर बसली. कामाच्या वेळेत तिला बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "फडफडायला लागला की मला बरं वाटायचं," ती म्हणाली. "छातीचे ठोके दिसतात ना पडद्यावर, तसं. म्हटलं, आता जीव धरला. तेवढं एकच मी न काढता ठेवायची."

म्हणजे भरत असलेला ती तोडत होती, तापून अडलेला मायेने तसाच ठेवत होती, आणि भरलेला? मी विचारलं. ती उठली आणि ड्रॉवरमधून ते तीन खेळ घेऊन आली, दोन्ही हातांवर, बाळंतघरातून तान्ही बाळं आणावीत तसे.

"हे मेलेले. मुलगी देऊन गेली त्याच आठवड्यात. प्लग लावला, जरासा पिवळा झाला आणि विझला. म्हटलं माझ्या हातून जळाले."

"ती घरून भरून घेऊन आली होती गं! पोटभर जेवलेल्याला तू ताट वाढलंस, तो दोन घास खाऊन थांबला. चालू करून पाहिलंस का?"

"बटण मी कसं दाबू?"

मी म्हटलं, "या खेळांची इन्चार्ज कोण? तू. बटण तुझं. दाब."

तिने आधी सिस्टरच्या टेबलाकडे पाहिलं. मग हिरव्या खेळाच्या बटणावर बोट ठेवलं आणि काही स्फोट होईल अशा भीतीने मान मागे घेतली. पडदा उजळला, छोटीशी धून वाजली. दोन नंबरच्या खुर्चीतल्या शिंपीणबाईंनी डोळे उघडून विचारलं, "कोणाचा फोन?" बॅटरीची खूण पाऊण भरलेली. तीन महिने ड्रॉवरमध्ये उपाशी, तरी पाऊण! आणि बाहेर अर्धपोटी तिघं राबत होते.

दुसरा, लाल, तोही लागला. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसत होती.

तिसऱ्याची पाठ नीट बसत नव्हती. झाकण एका बाजूने उचललं गेलं होतं, जणू आतून कोणी खांद्याने ढकलत होतं. मावशीने तो फिरवून पाहिला आणि लगेच म्हणाली, "याला सूज आलीय."

तिचा अंगठा पुढे गेला. रोज सकाळी दहा माणसांच्या नडग्यांवर ती अंगठा दाबून बघते, खड्डा पडतो का, पाणी किती साठलंय.

"दाबू नकोस!" मी एवढ्या जोराने ओरडले की माझ्याच यंत्राचा दिवा पिवळा झाला.

"सिस्टर, चार पिवळा!" खेळ हातात तसाच धरून मावशीने हाळी दिली.

टेक्निशियन धावत आला, मला दम दिला, हात सरळ करायला लावला, आणि मग त्याचं लक्ष मावशीच्या हाताकडे गेलं. सुजलेली बॅटरी पाहून तो गंभीर झाला. टोचली, दाबली, तर पेट घेते, असं म्हणाला. आणखी विचारलं, "ठेवता कुठे हे?" मावशीने बोट दाखवलं. गरम कपाटाचा माथा, वर फ्लॅनेल, वर कापूस. त्याने कपाळाला हात लावला. पण बोलला सौम्यपणे, "मावशी, यांना थंडी वाजत नाही हो." सुजलेला खेळ त्याने तिच्या हातून अलगद घेतला, पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्यांकडे पाठवला. मावशी त्या डब्यामागे दारापर्यंत गेली.

आता तिथे गेलात तर खेळ खिडकीजवळच्या उघड्या स्टीलच्या ट्रेमध्ये दिसतील, अंगावर काहीही न घेतलेले. वर मावशीच्या हाताचा कागद आहे. 'पिवळा – जेवतोय, हात लावू नये. विझला – पोट भरलं. फडफडला – ताप आहे, प्लग काढा, वारा घाला. लाल ठिपका – भूक लागली, काळा पडायच्या आत द्या. सुट्टीत ठेवताना अर्धपोटी ठेवा, उपाशीही नको, तुडुंबही नको. ज्याचा चार्जर त्यालाच. सूज दिसली तर दाबू नये, टेक्निशियनला सांगा.' पुस्तिकेत याला अकरा पानं लागली आहेत.

पण हा कागद नंतरचा. सोमवारी मावशीने सगळं ऐकलं, पटलं असं म्हटलं, आणि निळा खेळ चार्जिंगला लावलाच नाही. बुधवारी आम्ही आलो तेव्हा तो कोरडा ठणठणीत होता.

"अगं, लावला का नाहीस?"

"पिवळ्याकडे एकटीने बघत बसणं मला जमायचं नाही, बाई. हात जातोच. आत्ता लावते, तुमच्या सगळ्यांसमोर."

तिने स्टूल ओढलं, पाच नंबरच्या समोर भिंतीशी ट्रे ठेवला, त्यात उघडा निळा खेळ. सव्वाआठला प्लग लावला. पिवळा लागला. तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले.

ड्रायव्हरला सुया लागत होत्या. "गाडी कुठे माझी?"

"डेपोत. डिझेल भरतेय."

"किती वेळ?"

"पुस्तकात चार तासांच्या आसपास लिहिलंय."

"चार तास! मग मी काय करू इथे, भिंत चाटू? दोन तासांत उठतो आज. लिहून घ्या सिस्टर, कागद काढून ठेवा."

मावशीने हिरवा खेळ पुढे केला, त्याने मान फिरवली. तिने तो परत ठेवला आणि शांतपणे विचारलं, "दादा, सव्वीस वर्षांत किती वेळा टाकी भरायच्या आधी डेपो सोडून गेलात?"

"एकदाही नाही."

"गाडीला पंपावर सोडून घरी गेलात कधी?"

"वेड लागलंय? ड्रायव्हर गाडीपाशीच थांबतो."

"मग थांबा की."

तो तिच्याकडे बघत राहिला. मी पुस्तकात तोंड घातलं. शिंपीणबाई खोकल्या, पण तो खोकला नव्हता.

पहिला तास तो नुसता धुमसला. दुसऱ्या तासाला मावशी कुणाला तरी पांघरूण द्यायला उठली, परत येताना चालता चालता तिचा हात प्लगकडे गेला. मनात नव्हतं, हातच गेला.

"मावशी, हात मागे!" ड्रायव्हर गरजला. सगळा हॉल दचकला.

"गेला हो," ती ओशाळली.

"मी बघतो कसा जातो ते. तुम्ही तुमचे दिवे सांभाळा, हा माझ्याकडे."

त्यानंतर त्याने त्या ठिपक्यावरून नजर हलवली नाही. दर दहा मिनिटांनी घोषणा, "स्थिर आहे. फडफड नाही." मध्येच आठ नंबरचा दिवा पिवळा झाला, मावशीने हाळी देऊन सिस्टरला पाठवलं आणि उलट्या पावली स्टुलावर आली. एकाच वेळी दोन प्रकारचे पिवळे सांभाळायचे, एकाला धावायचं आणि दुसऱ्याला बसून राहायचं. तिच्या कपाळावर घाम होता. मला तिची कीव आली, आणि अभिमानही वाटला. एरवी मला दोन्ही लवकर वाटत नाही.

पावणेतीन तास झाले. ड्रायव्हरच्या पोटरीत गोळा आला. चेहरा वाकडा झाला, तोंड उघडलं. "काढा" येणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सिस्टरने कागदांचा गठ्ठा पुढे ओढलाच होता. मावशी स्टुलावरून उठून त्याच्या पायाशी बसली, तळवा आपल्या दोन्ही तळहातांनी दाबून धरला, बोटं वर वळवली.

"बोला काहीतरी," ती म्हणाली. "डेपोत वाट बघताना काय करायचात?"

"शिव्या द्यायचो." दात आवळलेले. "मॅनेजरला."

"द्या की मग. बाई कान झाकतील."

"मी काही झाकणार नाही," मी म्हटलं.

त्याला हसूही येत होतं आणि गोळ्याने जीवही जात होता. त्या दोन्हींमधून तो म्हणाला, "मावशी, खरं सांगा. एका तासाने काय होतं? एवढं मागे लागता."

ती पाय तसाच धरून होती. "माझ्या अक्काने अर्ध्या तासाचा हिशेब केला होता," ती म्हणाली. "दर वेळी अर्धाच. मीच तिची चप्पल पुढे करायची, चल लवकर म्हणून. मला कोणी सांगितलं असतं, तर मी चप्पल लपवली असती."

एवढंच. सूर काढला नाही, डोळे पुसले नाहीत. पाय दाबत राहिली. ड्रायव्हर छताकडे बघत होता. बऱ्याच वेळाने गोळा सुटला. त्याने हळूच विचारलं, "पिवळाच आहे ना अजून?"

मावशीने मान वळवून पाहिलं. "पिवळाच."

"मग बसा तुमच्या जागेवर. मी आहे."

सिस्टरने कागदांचा गठ्ठा मागे सारला.

चौथा तास असा गेला की त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि तेच लिहिण्यासारखं आहे. त्याने घाटातल्या एका वळणाची गोष्ट सांगितली, मावशीने भाचीच्या घरचं काही सांगितलं. शिंपीणबाईंनी मध्येच सल्ला दिला, तो कोणी मागितला नव्हता. सव्वाबाराला पाच नंबरच्या यंत्राने वेळ पूर्ण झाल्याची शीळ घातली आणि टेक्निशियन हातमोजे चढवत आला.

"चला दादा, काढतो."

"थांबा जरा," ड्रायव्हर म्हणाला. "अजून विझला नाही."

टेक्निशियनने हातमोजा अर्धवट घातलेल्या अवस्थेत सिस्टरकडे पाहिलं. या माणसाच्या तोंडून 'थांबा' हा शब्द त्या हॉलने ऐकलेला नव्हता. पण पुढची पाळी दारात उभी होती. सुया निघाल्या, त्याने कापसाच्या बोळ्यावर अंगठा दाबून धरला. रक्त थांबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं बसावंच लागतं. तो बसला, नजर ट्रेवर. मावशी शेजारी उभी. मीही मान वाकडी करून बघत होते, खोटं कशाला बोलू.

साडेबाराला दोन-तीन मिनिटं असताना ठिपका विझला. आवाज नाही, काही नाही.

मावशीचा चेहरा आधी सवयीने पडला. मग तिने प्लग काढला, खेळ हातात घेतला, बटण दाबलं. धून वाजली, घाट उजळला. बॅटरीची खूण काठोकाठ.

"एक्केचाळिसावा थांबा," पडदा बघून ड्रायव्हर म्हणाला. "शुक्रवारी सुटेल गाडी." आणि खेळ ट्रेमध्ये ठेवणाऱ्या मावशीला म्हणाला, "गरम होऊ देऊ नका."

"मला सांगता?"

तिने त्याला वजनकाट्यावर उभं केलं. काटा जिथे थांबावा म्हणून डॉक्टर चार महिने डोकं फोडत होते, तिथे थांबला, शंभर ग्रॅम इकडेतिकडे. मावशीने आकडा मोठ्याने वाचला, सिस्टरने लिहिला. डोळे वर करून तिने मावशीला विचारलं, "बरोबर वाचलंस ना?" मावशीने त्याला उतरवून परत उभं केलं आणि परत तोच आकडा वाचला.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. नातेवाइकांना हॉलमध्ये यायची परवानगी नाही, पण ड्रायव्हरची बायको आत आली होती. हातातली पिशवी बाहेर बाकावरच राहिली होती. रोजची उठायची वेळ होऊन तास-दीड तास उलटला आणि हा बाहेर आला नाही. तिने दाराच्या काचेतून बघायचा प्रयत्न केला असावा, आत फक्त पाच नंबरची रिकामी खुर्ची दिसली असावी. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

मावशी तिच्यापाशी गेली, दोन्ही खांदे धरले. "वहिनी, काही झालं नाही. काही झालं नाही. पूर्ण झालं आज. चार तास पूर्ण झाले."

तेव्हा तिला तो काट्याशेजारी दिसला, बोळा दाबून उभा, अनवाणी. ती भिंतीला टेकली. मी तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "आधी सांगायचं नाही का?" ती म्हणाली. "उशीर होणार म्हणून?"

ड्रायव्हरने खाली वाकून चपलेत पाय घातले.

"मला तरी कुठे माहीत होतं," तो म्हणाला.